लहान मुलांच्या स्टंट स्कूटरला अ‍ॅल्युमिनियमचा बार नकोच

नॉर्थॅम्प्टनकर
इथे इंग्लंडमध्ये कॉर्बीच्या स्केटपार्कमध्ये, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन अ‍ॅलीत शनिवारी जाऊन पाहा. आठ-नऊ वर्षांची पोरं आणि प्रत्येकाच्या पायाने ढकलायच्या स्कूटरला हँडल म्हणून वाढदिवसाचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियम बार. माझं मत स्पष्ट आहे: शिकाऊ मुलाला क्रोमोली (क्रोम-मोलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलचाच बार द्यावा. शिकताना स्कूटर सतत हातातून सुटते आणि काँक्रीटवर आदळते. स्टील बहुतेक वेळा आधी वाकतं, म्हणजे आपल्याला कळतं तरी. अ‍ॅल्युमिनियमला वेल्डजवळ केसासारखी चीर पडते, वर पोरांनी स्टिकर चिकटवलेला असतो, मग कोण बघतंय! हलके बार पार्कमध्ये उंच उडणाऱ्यांसाठी ठीक. टायटॅनियमबद्दल बोलायलाच नको, त्या पैशात दुसरी स्कूटर येते.

परीचे बाबा
साफ असहमत. पोर किती किलोचं आहे ते आधी विचारा की! माझी मुलगी 28 किलोची आहे. तिच्या हातात 4 किलोची स्कूटर म्हणजे तिच्या वजनाचा सातवा हिस्सा. तुमचं वजन 70 धरलं तर तुम्हाला 10 किलोची स्कूटर घेऊन उडी मारायला लावल्यासारखं झालं. मारून दाखवा. बनी हॉपच (स्कूटरसकट मारायची उडी) जमेना म्हणून मुलं खेळ सोडून देतात, आणि दणकट बार कोपऱ्यात धूळ खात पडतो.

नॉर्थॅम्प्टनकर
जड वाटतं ते बहुतेक वेळा उंचीमुळे हो. डेकवर (पाय ठेवायच्या फळीवर) सरळ उभं राहिल्यावर बार कमरेच्या आसपास यायला हवा. तुमच्या मुलीचा छातीपर्यंत येत असेल तर कोपर वर जाणार आणि उचलायला जोरच मिळणार नाही. आधी बार खालून कापून बघा. हॅक्सॉने सरळ काप घ्यायचा, कानशीने कडा साफ करायच्या, झालं.

सुलभाताई
वाढत्या वयाच्या मुलाचा बार कापायचा? आमच्याकडे शाळेचा गणवेशसुद्धा दोन इंच दुमडून शिवतात! कापलेली नळी परत कोण जोडून देणार? तुम्ही तिकडे नवा घ्याल, इथे बाहेरून मागवलेल्या बारची किंमत बघा एकदा.

नॉर्थॅम्प्टनकर
सुलभाताई, गणवेश घालून कुणी रॅम्पवरून उडी मारत नाही. मोठा होईल म्हणून उंच बार ठेवला तर हनुवटीवर आदळतो. एकदम कापू नका, थोडा थोडा कापा, एवढं मान्य.

भोसरी एमआयडीसी
आमचं कामच नळ्या आणि वेल्डिंगचं, म्हणून बोलतो. स्टीलची घनता 7.85, अ‍ॅल्युमिनियमची 2.7. पण ताठपणाही जवळजवळ तिसरा हिस्साच. त्यामुळे तेवढाच ताठ बार हवा तर नळी जाड करावी लागते. स्टीलच्या स्टँडर्ड बारचा बाहेरचा व्यास 31.8 मिमी असतो, अ‍ॅल्युमिनियमचे बहुतेक बार 34.9 चे ओव्हरसाइज, आणि भिंतही जाड. म्हणजे वजन वाचतं, पण कागदावर वाटतं तेवढं नाही.

धागाकर्त्यांचं चिरेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. 6061 चा टी-6 माल (हीट ट्रीटमेंटने कडक केलेलं मिश्रण) वेल्ड केला की सांध्याजवळचा भाग मऊ पडतो. वेल्डनंतर पुन्हा हीट ट्रीटमेंट केली तरच ताकद परत येते. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला स्टीलसारखी फटीगची मर्यादा (जिच्या खालचे झटके कितीही बसले तरी चीर पडत नाही) नाही, छोटे छोटे झटकेही हिशोबात जमा होत राहतात. पण झटका केवढा, हेही बघा ना! 28 किलोची मुलगी आणि पायऱ्यांवरून उतरणारा 16 वर्षांचा दांडगट यांना एकच नियम कसा? परीला चांगल्या बनावटीचा अ‍ॅल्युमिनियम बार खुशाल द्या. त्या दांडगटाला क्रोमोली.

नॉर्थॅम्प्टनकर
'चांगल्या बनावटीचा' हे ओळखायचं कसं? हीट ट्रीटमेंट केली की नाही हे रंगाखाली दिसत नाही. तीच तर माझी तक्रार आहे.

औंधचा मोठा
दोन्ही पार्टींना माझा एकच प्रश्न. पोराच्या स्कूटरचा बार 31.8 चा आहे, ऑनलाइन 34.9 चा मस्त मिळतोय. बसेल का?

भोसरी एमआयडीसी
क्लॅम्प (बार आवळणारं कडं) न बदलता नाही. 34.9 चा क्लॅम्प घेतलात तर शिम (पातळ नळीसारखं अस्तर) घालून पुढे 31.8 चा बारही चालवता येईल. पण त्याआधी तुमची कॉम्प्रेशन (बार आणि पुढचा फोर्क घट्ट पकडायची रचना; एससीएस, एचआयसी, आयएचसी हे तिचे प्रकार) कुठली ते बघा. एससीएस असेल तर खाली फट नसलेला बार लागतो. एचआयसी किंवा आयएचसी असेल तर फट लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या अनेक बारची भिंत इतकी जाड असते की एचआयसीचा शिम आत जातच नाही. व्यास, फट, कॉम्प्रेशन हे तिन्ही दुकानदाराला विचारल्याशिवाय पैसे भरू नका. खरं सांगू? लोक रंग बघून घेतात आणि मग आमच्यासारख्यांकडे 'जरा घासून बसवा' म्हणत येतात. घासायचं नाही.

परीचे बाबा
रुंदीबद्दल कुणीच बोललं नाही. खांद्यांपेक्षा फार रुंद बार असेल तर बारस्पिनमध्ये (हवेत बार गोल फिरवताना) स्वतःलाच लागतो. टेलव्हिप या कसरतीला तेवढा फरक पडत नाही, तिथे फिरतो तो डेक.

डॉ. कोल्हापुरी
रुंदी कमी करायला टोकं कापलीत तर प्लग (टोकाची बुचं) परत बसवा, ग्रिप फाटली असेल तर बदला. उघड्या नळीवर मूल पोटावर पडलं तर बाहेर नुसता गोल वळ दिसतो आणि आत यकृताला किंवा स्वादुपिंडाला मार असू शकतो. सायकलच्या हँडलने असं होतं हे मुलांच्या सर्जनना चांगलं माहीत आहे. पोटदुखी, उलटी असेल तर घरी थांबू नका. स्टील की अ‍ॅल्युमिनियम, ते तुमचं चालू द्या.

नॉर्थॅम्प्टनकर
डॉक्टर, प्लगबद्दल शंभर टक्के. बाकी क्रोमोलीच.

परीचे बाबा
परीचा अ‍ॅल्युमिनियमचा बार मागवलाय. स्टिकर लावू देणार नाही, एवढी तुमची गोष्ट मान्य.