शब्दचर्चा: ‘सेल शेडिंग’मधला सेल कुठला?

नमस्कार मंडळी. मी कलाशिक्षिका आहे. गेम आर्ट, म्हणजे व्हिडिओ गेममधली चित्रं, शिकणाऱ्या आमच्या मुलांच्या कामाचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे, आणि यंदा चित्रांखालच्या पाट्या मराठीतच करू असं मीच मोठ्या तोंडाने सांगून बसले. आता पंचाईत झाली आहे. बघायला येणार ते पालक, आजी-आजोबा, शेजारच्या शाळेतली पोरं. पिक्सेल आर्ट, सेल शेडिंग, आयसोमेट्रिक, स्प्राइट, रिअ‍ॅलिस्टिक हे शब्द नुसते देवनागरीत उतरवले तर पाटी असून नसल्यासारखी.

एका मुलाने सेल शेडिंगचं ‘पेशी छायांकन’ करून आणलं. आधी मी हसले, मग वाटलं त्याचं काय चुकलं? मराठीत सेल टॉर्चचा, साड्यांचा, नाहीतर जीवशास्त्राच्या पुस्तकातला. त्यातल्या त्यात शहाणा त्याने उचलला. तर शब्द सुचवा, आणि तोच का तेही सांगा.

सेल म्हणजे सेल्युलॉइड

ताई, इंग्रजी स्पेलिंगमध्ये या सेलच्या शेवटी एकच एल, पेशीच्या सेलला दोन. इंग्रजीत लिहिणारेही सर्रास दोन लिहितात, तेव्हा पोराला बोलू नका. जुन्या कार्टून स्टुडिओत पारदर्शक तावावर पात्र काढायचे, तो ताव रंगवलेल्या देखाव्यावर ठेवायचे आणि वरून फोटो घ्यायचे. दर चित्राला मागचं घर नि झाड पुन्हा काढायला नको, एवढ्यासाठी ही युक्ती. अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं म्हणून पुढे अ‍ॅसिटेटचे ताव आले, नाव मात्र सेलच राहिलं.

यातली गंमत अशी की रेषा तावाच्या पुढून शाईने आणि रंग मागून. काचेवरचं चित्र उलट्या बाजूने रंगवतात, तसं. त्यामुळे पुढून ब्रशचे फटकारे दिसत नाहीत. ठळक रेषा आणि आत सपाट रंग हे कार्टूनचं रूप तिथून आलं. गेममध्ये ना ताव, ना शाई. राहिलं ते फक्त नाव.

घसरगुंडी आणि जिना

पुण्यात गेमच्या कामात आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. उजेड कुठून येतोय आणि पृष्ठभाग त्याच्याकडे किती वळलाय, यावरून संगणक दर ठिकाणची उजळता काढतो. एरवी ही उजळता सावलीकडे हळूहळू उतरत जाते, घसरगुंडीसारखी. सेल शेडिंगमध्ये त्या घसरगुंडीचा जिना करतात. अमुक आकड्याच्या वर उजेड, खाली सावली, फार तर मध्ये एखादी पायरी. काळ्या किनारीसाठी एक जुनी युक्ती आहे: तोच आकार जरासा फुगवून काळा करायचा आणि त्याची फक्त पाठीमागची, आतून दिसणारी बाजू काढायची. मूळ आकाराच्या कडेने ती काळी डोकावते. सेगा या जपानी कंपनीच्या ‘जेट सेट रेडिओ’ या गेमने २००० साली हे रूप लोकांसमोर आणलं. आम्ही कामावर ‘टून शेडर लाव’ म्हणतो. टून म्हणजे कार्टून, शेडर म्हणजे छटा ठरवणारा प्रोग्रॅम. मराठी शब्द कुणी विचारलाच नव्हता.

मग शब्द मिळाला की

पायरीछटा! ‘छायांकन’ नको, ते सिनेमाच्या श्रेयनामावलीत कॅमेऱ्याच्या कामाला कधीच लागून गेलं. ‘छायाप्रकाश’ चित्रकलेतला चांगला शब्द आहे, पण तो घसरगुंडीचाही आहे नि जिन्याचाही.

Re: मग शब्द मिळाला की

काका, ‘पायरीछटा’ वाचून आमची आई म्हणेल, वा, आंब्याचा रंग दिलाय.

Re: Re:

म्हणू दे. हापूसछटा तर नाही ना म्हटलं?

धागाकर्ती

आंब्यासकट आवडला. पालकांना खूणही पटेल, कारण एलिमेंटरी-इंटरमिजिएटला संकल्पचित्र सगळ्यांनी केलंय. पोस्टर कलर सपाट लावायचा, वर काळी आउटलाइन. एक शंका. एका मुलीच्या चित्रात तशी काळी रेषा आहे, पण सावल्या मात्र घसरगुंडीच्या. तिलाही पायरीछटाच म्हणू?

तंत्र की शैली

नका म्हणू. इथेच सगळे घसरतात. २००९ चा ‘बॉर्डरलँड्स’ हा गेम घ्या. त्याला जग सेल शेडेड म्हणतं, पण त्यात शाईच्या रेघोट्या हाताने काढून आकारांवर चढवलेल्या आहेत. दिसणं कॉमिकसारखं, पण उजेडाचा हिशोब निराळा. सेल शेडिंग हे तंत्राचं नाव आहे आणि लोक ते शैलीला वापरतात. माझं मत विचाराल तर गेममधल्या बहुतेक शैलींची नावं अवजारावरून नाहीतर अडचणीवरून पडली आहेत. म्हणून शब्दाला शब्द लावायला गेलं की पेशी निघते. मराठी पाटीवर तंत्राचं नाव नको, डोळ्याला काय दिसतं ते लिहा. त्या मुलीच्या चित्राखाली ‘शाईरेषा’ लिहा.

अडचणीवरून आठवलं

पिक्सेल आर्ट हे त्याचं पक्कं उदाहरण. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचं चित्र ज्यांचं बनतं तो एकेक बारीक चौकोन. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या गेममध्ये मारिओ या पात्राला मिशा का? इतक्या थोड्या चौकोनांत तोंड दिसेना म्हणून. टोपी का? केस काढायचे नव्हते म्हणून. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधले ढग आणि झुडपं हा एकच आकार आहे, पांढरा केला की ढग, हिरवा केला की झुडूप. सगळा गेम ४० किलोबाइटचा! तेव्हा ती शैली नव्हती, नाइलाज होता. आज कुणी मुद्दाम तसं काढतं तेव्हा ती शैली.

शब्द म्हणाल तर ‘ठिपकेचित्र’ नको, रांगोळी वाटते, आणि रांगोळीत ठिपके जोडायचे असतात. माझी मावशी मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचचे पोपट भरायची, आधी चौकटीच्या कागदावर आखून. निन्टेंडोवालेही तेव्हा चौकटीच्या कागदावरच आखत. म्हणून ‘चौकटचित्र’.

Re: अडचणीवरून आठवलं

‘चौकट’ला हरकत नाही, पण एक खुसपट. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर ते चौकोन असे करकरीत दिसतच नव्हते. कडा विरघळायच्या, शेजारचे रंग एकमेकांत मिसळायचे, आणि चित्रकार ते धरूनच रंग ठेवायचे. टोकदार चौकोन ही आपल्या सपाट पडद्यांची देणगी. मावशीचा पोपट लांबून बघा, मग जुना गेम दिसेल.

आयसोमेट्रिक

आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवतो. आमच्याकडे आयसोमेट्रिकला ३० अंशांचा सेट स्क्वेअर लागतो, तिन्ही अक्षांवर माप सारखंच आखतात. अर्थाने ‘समपरिमाण’ बसेल. ‘सममित’ नको, शाळेत सममिती म्हणजे आरशातल्यासारखी. पण गेमवाल्यांचं आयसोमेट्रिक बहुतेकदा खोटं असतं! दोन पिक्सेल आडवे, एक उभा, अशी रेष चढवली की दातरे नीट पडतात. तो कोन होतो साधारण २६.६ अंश. आमच्या वर्गात गुण कापले असते.

पाटीवर एवढंच लिहा, ‘दूरचं लहान न होणारं चित्र’. चित्रकलेत पर्स्पेक्टिव्हला यथार्थदर्शन म्हणतात ना, त्याच्या बरोबर उलट. पहाडी लघुचित्रांतले चौक आणि गालिचेही बरेचदा असेच तिरपे पसरलेले असतात.

धागाकर्ती

‘गच्चीचित्र’ कसं वाटतं? गच्चीच्या कोपऱ्यातून खाली वाकून बघितल्यासारखं दिसतं म्हणून.

Re: धागाकर्ती

घ्या. समपरिमाण परीक्षेला, गच्ची प्रदर्शनाला.

रिअ‍ॅलिस्टिक

याला कशाला शोधताय? ‘हुबेहूब’. ‘वास्तववादी’ लिहू नका, तो साहित्यातला वाद आहे. ड्रॅगन हुबेहूब असू शकतो, वास्तववादी कसा असेल? आणि हुबेहूबच्या हट्टापायी काय होतं, त्याची एक गोष्ट. २००० साली निन्टेंडोने आपल्या ‘झेल्डा’ या गेममालिकेचा एक हुबेहूब वळणाचा नमुना दाखवला, लोक खूश. पुढच्याच वर्षी दाखवलेला खरा गेम निघाला पायरीछटेचा, मोठ्या डोळ्यांचा, कार्टूनसारखा. चाहते भडकले. तो ‘विंड वेकर’ २००२ च्या डिसेंबरात जपानमध्ये आला आणि आजही बघवतो. त्या काळचे कितीतरी हुबेहूब चेहरे आता मेणाचे वाटतात.

जाता जाता, घरचं

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला. त्याच्या देखाव्यांवर पहाडी चित्रांची छाप आहे आणि मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून पुढे जाते. गेमच्या भाषेत या मधल्या कथाभागाला कटसीन म्हणतात. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या नाचवतात आणि चित्रकथीची एकेक पानं पुढे धरून गोष्ट सांगतात. कटसीनला ‘चित्रकथी’ म्हणायचा मोह होतो. पण ती एक जिवंत कला आहे, तिचं नाव असं उसनं घेणं मला बरं वाटत नाही. ‘कथापट्टी’ चालेल.

स्प्राइट राहिलं

कोल्ड्रिंक सोडून बोला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या, पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या चिपसोबत हा शब्द रुळला. मागच्या देखाव्याला धक्का न लावता वर तरंगणारं छोटं चित्र, म्हणून स्प्राइट: पाण्यावर, रानात तरंगणारा जीव. आपल्याकडे पाण्याच्या कोण? साती आसरा! निन्टेंडोच्या जुन्या यंत्रात पडद्यावर एका वेळी ६४ स्प्राइट मावायचे, पण एका आडव्या रेषेत फक्त आठ. नववा आला की दिसेनासा व्हायचा. मग गेमवाले आळीपाळीने एकेकाला लपवायचे, म्हणून गर्दीत सगळे लुकलुकायचे.

धागाकर्ती

‘आसरा’ मनापासून आवडला, पण पाटीवर वाचून लोक धर्मशाळा समजतील. ‘तरंगचित्र’ लिहिलं तर मुलं पाण्यावरच्या लाटा शोधतील.

बाकीच्या पाट्या लिहून झाल्या. पायरीछटेखाली मुलांनी आपणहून एक ओळ घातली: ‘उजेड इथे जिन्याने उतरतो.’ मी ती तशीच ठेवली. पेशीवाला मुलगाच अक्षरं रंगवतोय. स्प्राइटची पाटी मात्र अजून कोरी आहे. एकूण पाट्या नऊ.

Re: धागाकर्ती

मग राहू दे की कोरी. नववी आहे, दिसायची नाहीच.