दोन फुटी टाकीत किती मासे? माझं मत : नवतप्यात जगतील तेवढेच

बोरवेलवाला (दर्यापूर)

आता तालुक्याच्या गावात मोबाईल रिचार्जच्या दुकानातही फिशटँक मिळतो. दुकानदाराचा हिशेब ठरलेला : चार लिटरला एक इंच मासा. दोन बाय एक बाय एक फूट म्हणजे ५६ लिटर, म्हणजे १४ इंच, म्हणजे १४ गोल्डफिश. गिऱ्हाईक पिशव्या मांडीवर घेऊन एसटीत बसतं आणि पंधरा दिवसांनी 'पाणी लागलं नाही वाटते' म्हणून पुन्हा दुकानात हजर.

५६ लिटर हे नुसत्या काचेचं माप झालं. तळाला खडी टाका, वरून दोन बोटं जागा सोडा, पाणी राहतं ४५ लिटरच्या आसपास. दुकानातला इंचभर गोल्डफिश म्हणजे पिल्लू असतं. फॅन्सी जातीचा वाढून सहा-आठ इंच होतो, साधा फुटापर्यंत जातो. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, दुप्पट नाही. चार इंचांचा एक मासा इंच-इंचाच्या चार माशांच्या सोळापट भरतो, आणि घाण वजनाच्या हिशेबाने होते, इंचाच्या नाही.

आपल्याकडची खरी गोष्ट तर पुढेच आहे. हा गॅलनमागे (म्हणजे जवळपास चार लिटरमागे) एक इंचाचा हिशेब अमेरिकेतून आला. तिथल्या टाकीला हीटर लावावा लागतो, आपल्याकडे टाकी आपोआप तापते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३४ अंशाला जेमतेम ७. दहा अंश वाढले की माशाची ऑक्सिजनची गरज मात्र साधारण दुप्पट होते. त्यात आम्ही खारपाण पट्ट्यातले, बोरचं पाणी पीएच ८ च्या घरात. पीएच ७ चा ८ झाला की माशांच्या घाणीतून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. अन् हे सगळं चालू असताना लाईन जाते.

म्हणून मी म्हणतो, माशांची संख्या जानेवारीत ठरवायची नाही. नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांतली दुपार, बाहेर ४५, लाईन गेलेली, पंप बंद, अशा वेळी जेवढे तगतील तेवढेच आणायचे. दोन फुटी टाकीत सहा-सात छोटे मासे. गोल्डफिश शून्य. कोणाला पटत नसेल तर बोला.

गप्पीवाला पोट्टा (आर्वी)

नाई पटत भाऊ. माह्या दोन फुटी टाकीत तिसाच्या वर गप्पी हायेत, पिल्लं वेगळी. दोन स्पंज फिल्टर, हायड्रिला (पाणवनस्पती) गच्च, दर रविवारी पाव पाणी बदलतो. टेस्ट किटनं पाह्यतो, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

मासे मोजाचे नसतेच, पाणी मोजाचं असते. माशाच्या घाणीतून अमोनिया निंगते, फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्राइट करते, मंग नायट्रेट. हे जीवाणू बसाले चार ते सहा आठवडे लागते. तुमचा एसटीतला माणूस मासे मारते तो चौदा आणते म्हणून नाई, पहिल्याच दिवशी चौदा सोडते म्हणून. त्यानं दोन-दोन करून वाढवले असते तर मायबाप आठवले नसते. अन् सहा मासे ठेवून महिनोन्महिने पाणी न बदलणारे बी मी पाह्यले. तिथं बी मरतेच.

बोरवेलवाला (दर्यापूर)

तुमची टाकी तुमच्यामुळे चालते, हिशेबामुळे नाही. लग्नसराईत आठवडाभर गावाला गेलात, रविवार हुकला, घरच्यांनी पंप काढून मोबाईल चार्जिंगला लावला, मग? कमी मासे ठेवणं म्हणजे हुकायला जागा ठेवणं. नवशिक्याला तीसचा आकडा सांगितला की तो तीस आणतो, स्पंज फिल्टर एकही आणत नाही.

गप्पीवाला पोट्टा (आर्वी)

मंग त्याले फिल्टर आण म्हणून सांगा ना! आकडा काऊन कमी करता?

अंगणातलं टाकं (तेल्हारा)

दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण माप चुकीच्या जागी लावताय. तुम्ही लिटर मोजले, ऑक्सिजन मात्र पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून येतो. जुने मासेवाले गरम पाण्याच्या माशाला इंचामागे १२ चौरस इंच पृष्ठभाग धरायचे आणि गोल्डफिशला ३०. दोन बाय एकच्या टाकीला २८८ चौरस इंच मिळतात. म्हणजे छोटे मासे एकूण २४ इंच चालतात, गोल्डफिश दहा इंचही नाही. मोठा झालेला एकच! त्यामुळे गोल्डफिशच्या शून्यावर मी तुमच्या बाजूने आहे, सहा-सातवर नाही. तेवढंच पाणी उभ्या, निमुळत्या टाकीत भरलं तर मासे निम्मे करावे लागतील. दिवाणखान्यात शोभते म्हणून लोक नेमकी तीच आणतात.

दुसरं म्हणजे नुसतं कमी ठेवलं म्हणजे माशाचं भलं झालं असंही नाही. टेट्रा, झेब्रा, बार्ब हे थव्याचे मासे. दोन-तीनच ठेवले तर कोपऱ्यात दबून राहतात किंवा एकमेकांची शेपटी तोडतात. सहाच्या खाली ठेवूच नयेत. फायटर नर मात्र एकटाच हवा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे भांडखोर सिक्लिड ठेवणारे तर मुद्दाम गर्दी करतात, म्हणजे एकाच माशावर सगळा राग निघत नाही. अर्थात त्यांचे फिल्टर तसे दांडगे असतात. मग सांगा, किती मासे हा प्रश्न कोणता मासा ते ठरवण्याआधी सुटतोच कसा?

माझे मासे अंगणात कडुलिंबाखाली सिमेंटच्या टाक्यात आहेत. रुंद, दीड फूट खोल, निम्म्यावर गोणपाट. काचेच्या टाकीपेक्षा पाणी खूप कमी तापतं.

वास्तू_नऊ

आमच्याकडे पंडितजींनी नऊ सांगितले आहेत, आठ सोनेरी आणि एक काळा. त्यात कमी-जास्त करता येत नाही. टाकी दीड फुटी आहे. कृपया शास्त्राची टिंगल न करता उत्तर द्यावे.

झेडपी मास्तर (घाटंजी)

टिंगल नाही, उपाय सांगतो. पंडितजी आठ 'सोनेरी' म्हणाले ना? गोल्डफिश म्हणाले नाहीत. आठ पिवळ्या प्लॅटी आणा आणि एक काळी मॉली. दोन्ही कठीण, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यातले मासे, बोरचं पाणी त्यांना मानवतं. दीड फुटीत नऊ छोटे मासे फिल्टर असेल तर बसतात. घरात भरभराट, मासेही जिवंत.

गप्पीवाला पोट्टा (आर्वी)

मास्तर, सगळे नरच सांगा त्याईले. नाईतर दोन महिन्यांत नऊचे नव्वद अन् पंडितजी पुन्हा बोलवा लागते 😀

मामा तलाव (साकोली)

आमी ढिवर. मालगुजारी तलावात मासे सोडनं हा घरचा धंदा, काचेची टाकी पोराची आहे. एक बोलू का जी?

तलावात कटला-रोहू-मृगलची बोटुकली सोडतो तर हेक्टरी पाच हजार धरतात. म्हंजे एका बोटुकलीमागं दोन चौरस मीटर पाणी. सोडताना बोटाएवढी असते, कोनी मनंल एवढी जागा कायले वाया घालवता? पन वर्षानं ती किलोची होते, हिशेब त्या किलोचा असते. दुकानदार पिलाचा हिशेब सांगते, आमी मोठ्या माशाचा धरतो. एवढाच फरक.

दुसरी गोष्ट. तुमी सगळे दुपारचं बोलून राह्यले. तलावात मासा दुपारी नाही मरत, पहाटे मरते. वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडते आन् रात्रभर मासोळीसंगं तेच वापरते. चार-पाचच्या सुमारास सगळ्यात कमी. उकाड्यात, आभाळ दाटलं अशा दिवसाच्या दुसऱ्या पहाटे तलावावर जाऊन पाहा, मासे वर तोंड काढून पाण्याच्या कातडीवरून हवा ओढतात, ओठ चुपचुप वाजतात. आर्वीवाल्या भाऊंची हायड्रिला गच्च आहे म्हंतात. रात्री लाईन गेली तर तीच पोटावर येईल. किट सकाळी पाचला लावून पाहा, रविवारी दुपारी नाही.

गप्पीवाला पोट्टा (आर्वी)

दादा, हे मातर इचार कराले लावलं. पन किट अमोनियाचा हाय, ऑक्सिजनचा नाई. पाचले उठून तोंडं पाहीन.

बोरवेलवाला (दर्यापूर)

बघा! एवढा जाणकार माणूससुद्धा मोठा मासा धरूनच मोजतो.

अंगणातलं टाकं (तेल्हारा)

गप्पी मोठी होऊन किलोची होत नाही हो दादा. नर सव्वा इंच, मादी दोन. साकोलीच्या दादांचा हिशेब गोल्डफिशला, ऑस्करला आणि 'टाकी साफ करतो' म्हणून खपवतात त्या सकरला लागू. ऑस्कर आणि सकर दोघेही फुटावर जातात. गप्पीला तो नियम लावून तुम्ही सहावर अडून बसलात.

कुलरसमोर (चिमूर)

एवढी चर्चा झाली, पण टाकी थंड कशी ठेवायची ते कोणी बोललं नाही. आपला मे कोरडा असतो, तो माशाच्या फायद्याचा करून घ्या. काचेचं झाकण काढा, जाळी टाका (नाहीतर मासे उडी मारतात), आणि छोटा पंखा पाण्यावरून आडवा वारू द्या. बाष्पीभवनाने पाणी खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज खाली येतं. कुलरच्या वाऱ्यात टाकी असेल तर आणखी बरं. लाईन जाते त्यासाठी पॉवर बँकवर चालणारा यूएसबी एअर पंप मिळतो, रात्रभर बुडबुडे देतो. एवढी सोय केली की सातच मासे कशाला?

मात्र जे पाणी उडेल त्याच्या जागी बोरचं पाणी ओतत राहू नका. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. काचेवर पांढरी रेघ दिसली की समजा. भर घालायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. नळाचं असेल तर त्यात टीसीएल (क्लोरीनची पावडर) असतं, बादलीत एक दिवस उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरिनचे थेंब टाका.

बोरवेलवाला (दर्यापूर)

पंखा, कुलर, आरओ. लाईन गेली की तिन्ही गेले. राहिली पॉवर बँक, ती घरात कोणी भरून ठेवली असेल तर.

कुलरसमोर (चिमूर)

गावठाण फीडर (गावातल्या घरांची वीजलाईन) शेतीच्या लाईनपासून वेगळा झाल्यापासून आमच्याकडे पूर्वीसारखी लाईन जात नाही. तुमच्याकडे जात असेल तर तुम्ही सात ठेवा. दर्यापूरच्या फीडरवर अख्ख्या विदर्भाचा नियम काऊन बसवता?

झेडपी मास्तर (घाटंजी)

आकड्यावर सगळे तुटून पडलात, खाण्यावर कोणीच बोललं नाही. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात तीन फुटी टाकी आहे. मासे अगदी बोरवेलवाल्यांच्या मनासारखे, मोजके. तरी पाणी दुधाळ व्हायचं. कारण मधल्या सुट्टीनंतर तळ बघितला तेव्हा कळलं. खिचडीची शितं. पोरं जेवून उठली की बोटाला चिकटलेलं शीत टाकीत सोडत. दोन दिवसांत ते फुगून मुगाच्या दाण्याएवढं झालेलं, वर कापसासारखी बुरशी, हात लावला की पीठ होऊन पसरायचं. प्रत्येक पोराचं एकच शीत, पण पोरं शंभरावर!

न खाल्लेलं अन्न माशाच्या पोटातून न जाता थेट अमोनिया बनतं. दोन मिनिटांत संपेल तेवढंच खाणं, तेही दिवसातून एकदा, आठवड्यातून एक दिवस उपास. हे पाळणाऱ्याच्या टाकीत पंधरा छोटे मासे सुखाने राहतात, न पाळणाऱ्याच्या टाकीत पाचही जड होतात. आता खाण्याचा डबा माझ्या टेबलाच्या खणात असतो आणि मॉनिटर रोज एकच चिमूट टाकतो. मासे तेवढेच आहेत, पाणी काचेसारखं.

मामा तलाव (साकोली)

मास्तर खरं बोलले. तलावात बी जास्त खाद्य टाकलं का पाणी हिरवं आन् मंग मर.

बोरवेलवाला (दर्यापूर)

मास्तरांचं मान्य. चिमूट मोजणाऱ्याला पंधरा चालतील. पण दुकानात उभं राहून नवीन माणूस 'किती देऊ?' याचं उत्तर मागतो, तेव्हा तो चिमूट मोजणारा आहे की नाही हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. त्याला मी सहाच सांगणार. गोल्डफिशवर तर इथं कोणी माझ्याविरुद्ध बोललेलंच नाही, एवढं नोंदवून ठेवा.

नवीन_आई (पुसद)

ताई-दादा, सगळं वाचलं. मुलीने जत्रेतून दोन गोल्डफिश आणलेत. गोल बाउल आहे, आठ-नऊ लिटर पाणी बसत असेल. एक आजपासून वर तोंड काढतोय. किती ठेवू वगैरे नाही विचारत, आता काय करू ते सांगा.

गप्पीवाला पोट्टा (आर्वी)

ताई, खाणं दोन दिवस बंद. अर्धं पाणी आत्ता बदला, मुरलेलं (दिवसभर उघडं ठेवलेलं), तेवढ्याच तापमानाचं. बाउल गळ्यापर्यंत भरू नका, मधल्या फुगीर भागापर्यंतच ठेवा, म्हंजे हवेशी जास्त पाणी लागते. साधा एअर पंप अन् स्पंज फिल्टर आजच आणा. रोज थोडं थोडं पाणी बदलत राहा. हे तात्पुरतं हाय, बाउलात गोल्डफिश जगत नाई, एक बी नाई.

अंगणातलं टाकं (तेल्हारा)

सावरले की कोणाचं मोठं टाकं असेल तिथे द्या. माझ्याकडे जागा आहे, अकोल्याला कोणी येत-जात असेल तर कळवा. मुलीला रडू आलं तर त्या बाउलात पाणवनस्पती लावून द्या, आणि फिल्टरची मोठी टाकी येईल तेव्हा पाच-सहा गप्पी.

मामा तलाव (साकोली)

कोनाला देता आलं नाही तरी नाल्यात, तलावात सोडू नका ताई. बाहेरचा मासा आहे. सकर तर लोकं असेच सोडतात, आता आमच्या जाळ्यात तेच निघतात. काटेरी, विकत नाही, जाळं फाडते ते वेगळं.

नवीन_आई (पुसद)

पाणी बदललं. दोघेही खाली गेलेत. पंप आणायला नवरा निघालाय. किती वॅटचा आणायचा?

कुलरसमोर (चिमूर)

वॅट बघू नका, सगळ्यात छोटा, एका नळीचा आणा. आणि दुकानदाराने 'अजून दोन मासे घेऊन जा' म्हटलं तर हात खिशातच ठेवायला सांगा.