बंद पडलेला प्लेटिंग कारखाना : माती उचलायची की जागीच बंदिस्त करायची?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वस्तीकडेला

वस्तीला लागून २,००० चौ.मी.चा बंद कारखाना आहे. क्रोम आणि जस्ताचं प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणं) चालायचं. ग्रीस काढायला ट्रायक्लोरोएथिलीन (टीसीई) हे द्रावक वापरायचे. मागे जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी आहे. अर्ध्या जागेत कमी भाड्याची घरं आणि अर्ध्यात मैदान असा प्रस्ताव आहे. ठेकेदार म्हणतो, शेड पाडू, वरची ६० सेंमी माती उचलू, नवी माती टाकू, काम झालं. काहीजणांचं म्हणणं सूर्यफुलं लावा, ती विष शोषून घेतात. नेमका क्रम काय असावा? तोवर तिथे भाजीचे वाफे केले तर चालतील?

भूजलरेषा

शेड आधी पाडायची नाही. खालचा कोबा आज झाकणाचं काम करतोय. तो फोडला की पावसाचं पाणी थेट दूषित मातीतून खाली उतरणार. शिवाय जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आणि रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. तपासणी न करता पाडकाम केलं तर ती धूळ वस्तीभर होते. आणि क्रोमच्या टाक्या, ग्रीस काढायचं यंत्र, गटारं कुठे होती याच्या खुणाही राडारोड्यात जातात.

पहिलं काम कागद आणि माणसं. जुने नकाशे काढा आणि तिथे काम केलेल्या कामगारांना शोधा. गाळ कुठे टाकायचे, द्रावकाची पिंपं कुठे ठेवायचे, हे त्यांच्याइतकं नेमकं कुठल्याच नकाशात सापडत नाही.

मग त्या त्या जागी बोअर. वरच्या १५ सेंमीचा नमुना वेगळा, कारण मुलांच्या हाताला तोच थर लागतो. त्याखाली दर अर्ध्या मीटरला आणि मातीचा थर बदलेल तिथे. टीसीईच्या नमुन्यात सगळ्यात जास्त चूक होते : चार ठिकाणची माती बादलीत कालवून एकच नमुना पाठवतात. कालवताना द्रावक उडून जातं आणि अहवाल स्वच्छ येतो. बोअरमधून काढल्या काढल्या मातीचा लहान कोअर (न कालवलेला गोल तुकडा) थेट मिथेनॉलच्या बाटलीत घालायचा आणि बर्फात ठेवायचा.

हातातलं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मातीतले धातू ओळखणारं) शिशासाठी उत्तम, पण ते एकूण क्रोमियम दाखवतं. घातक असतं ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम (त्याचं सहा संयुजेचं रूप), त्याची चाचणी प्रयोगशाळेला वेगळी सांगावी लागते. आणि शिसं खूप असेल तर याच यंत्रावरच्या आर्सेनिकच्या आकड्यावर विसंबू नका, दोघांचे क्ष-किरण जवळपास एकाच ऊर्जेवर येतात.

भूजलासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी, एका रेषेत नसलेल्या. त्याशिवाय पाण्याची दिशा कळत नाही. टीसीई पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतं. ते भूजलात बुडत जाऊन चिकणमातीच्या थरावर साचतं. डिझेल उलट पाण्यावर तरंगतं. म्हणून सगळ्या विहिरींना एकाच खोलीवर जाळी (जिथून पाणी विहिरीत शिरतं तो भाग) बसवली तर दोघांपैकी एक हमखास निसटतं.

मातीथर

ठेकेदाराचा हिशेब मांडून बघा. २,००० × ०.६ म्हणजे १,२०० घनमीटर, वजन सुमारे २,१०० टन. दहा टनी ट्रकच्या दोनशेच्या वर फेऱ्या वस्तीतून जाणार, आणि तितकीच नवी माती आत येणार. एवढं करूनही पाच मीटर खालचं टीसीई जागच्या जागी!

उचलायचं ते फक्त गाळखड्डे, गटारांखालची माती आणि टाकीभोवतालची डिझेल मुरलेली माती. उरलेल्या जागेवर, भूजलाला धोका नसेल तर, ठळक रंगाचं जिओटेक्स्टाइल (मातीत अंथरायचं मजबूत कापड) अंथरून वर ६० सेंमी तपासलेली माती टाकता येते. पुढे कुणी खणलं तर रंग दिसताच थांबायचं हे कळतं. झाडांच्या जागी थर जाड हवा. बाहेरून येणाऱ्या मातीचेही नमुने घ्या. ‘स्वच्छ भराव’ म्हणून दुसऱ्या पाडकामाचा चुरा येणं नेहमीचंच आहे. जर्मनीत ड्युइसबुर्गला १९८५ मध्ये बंद झालेल्या पोलाद कारखान्याचं उद्यान केलं, तेव्हाही सर्वांत दूषित माल तिथल्याच जुन्या बंकरांत बंद केला होता.

हेक्साव्हॅलंट क्रोमियम फेरस सल्फेटने कमी विषारी, कमी विरघळणाऱ्या रूपात आणता येतं. पण त्याच जमिनीत थोडं प्रमाण घालून चाचणी घेतल्याशिवाय मोठं काम नको. शिसं बांधायला फॉस्फेट घालतात. मात्र सोबत आर्सेनिक असेल तर तेच फॉस्फेट त्याला मातीपासून सोडवून पाण्यात ढकलतं.

सूर्यफुलाबद्दल : शिसं मुळांतून वर फारसं चढतच नाही. ते चढावं म्हणून ईडीटीए (धातूला विरघळतं ठेवणारं रसायन) घातलं तर शिसं भूजलात झिरपतं. भाजीचे वाफे अहवाल येईपर्यंत नकोत.

छिद्रनळी

घरांचा खरा प्रश्न वाफेचा आहे. टीसीई मातीतून वायुरूपात वर येतं आणि फरशीच्या भेगांतून खोलीत शिरतं. वास येत नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. घातक प्रमाण वास येण्याच्या कितीतरी खाली असतं.

फरशीखाली १० सेंमी धुतलेली खडी, तिच्यात १०० मिमी व्यासाची छिद्रांची पीव्हीसी नळी, वर वायुरोधक पडदा, मग काँक्रीट. नळी छताच्या वर, खिडक्यांपासून लांब न्यायची आणि पंखा छतावर बसवायचा. तो घरात बसवला आणि पुढचा सांधा गळला तर विषारी हवा दाबाने घरातच येते. पडदा फाटतो तो सळया बांधताना, म्हणून काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी त्याखाली धूर सोडून बघा. पंखा सुरू झाल्यावर फरशीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बारीक छिद्र पाडून दाब मोजा. खोलीपेक्षा काही पास्कल कमी हवा.

भूजलातलं टीसीई जिवाणूंकरवी मोडायचं ठरलं तर एक धोका लक्षात ठेवा. अर्धवट थांबलेल्या क्रियेत व्हिनाइल क्लोराइड साठतं, ते कर्करोगकारक आहे. शेवटच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे निरुपद्रवी एथीनपर्यंत, पोचल्याचे आकडे दिसल्याशिवाय काम पूर्ण धरू नका.

वस्तीकडेला

म्हणजे घरं कुठे आणि मैदान कुठे, हे तपासणीआधी नकाशावर पक्कं करणं चूक ठरेल?

पट्टाधारक

हो, आराखडा अहवालानंतर. ग्रीस काढायच्या यंत्राच्या जागेवर घरं नकोत. तिथे मैदान किंवा पार्किंग चालेल. उघड्यावर वाफ विरते, बंद खोलीत साठते.

आणखी दोन गोष्टी सफाईच्या करारातच लिहून घ्या. एक, पंखे, मातीचा थर आणि विहिरींच्या देखभालीसाठी वेगळा निधी आणि नाव घेऊन नेमलेली जबाबदार संस्था. खणायला व बोअर घ्यायला बंदी मालकीच्या दस्तऐवजात नोंदवा, म्हणजे मालक बदलला तरी ती टिकेल. दुसरी भाड्याची. जागा साफ झाली की आजूबाजूची किंमत चढते आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ती धूळ खाल्ली त्यांनाच वस्ती सोडावी लागते. जमीन रहिवाशांच्या न्यासाकडे ठेवून घरं दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावीत. ही अट विकासकाला जागा देण्याआधी घालायची, नंतर कुणी ऐकत नाही.

मातीच्या कामात धूळमापक वस्तीच्या बाजूला हवा, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला की काम कोण थांबवणार त्याचं नाव करारात हवं.