प्रतिसाद: चेक वाटाणा सूप – वर पाणी, खाली गाळ का?

डाळ तळाशी बसून वर पाणी सुटतं, कारण यिश्का, म्हणजे चरबीत भाजलेला मैदा, घालायची राहिली. हा भाजलेला मैदाच सूपला धरून ठेवतो.

२५० ग्रॅम वाटाण्याच्या डाळीला दीड लिटर पाणी घ्या. डाळ दोन-तीन तास भिजवून मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत शिजवा. डुकराच्या धुरावलेल्या बरगड्या उकळलेलं पाणी वापरणार असाल तर आधी चाखा. ते फार खारट असेल तर निम्मं साधं पाणी घाला. मीठ शेवटीच. तासाभरानंतरही डाळ कडकच असेल तर ती जुनी आहे किंवा पाणी जड (क्षारयुक्त) आहे. चिमूटभर सोडा पुरतो, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

३० ग्रॅम चरबीत (लोणीही चालेल) कांदा परता, ३० ग्रॅम मैदा बदामी भाजा. त्यात थोडं गार पाणी घालून गुठळ्या मोडा, मग सूपमध्ये ओता आणि वीस मिनिटं उकळा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते.

मार्जोरमऐवजी (म्हणजे मरव्याऐवजी) ओरेगॅनो नकोच, तो तिखट पडतो. चमचाभर सुकं मार्जोरम तळहातावर चोळून, मिठात ठेचलेल्या तीन लसूण पाकळ्यांसोबत गॅस बंद करताना घाला. तळलेले पावाचे तुकडे वाढताना वाडग्यातच.