द्राक्षगर्भात आईकडची गुणसूत्रंच नसतात, मग वार एवढी वाढते कशी?

नान्नजची_लेक
मी सोलापुरात असते, माहेर नान्नज. फेब्रुवारीत बागेतला माल उतरत होता, तेव्हाच दहाव्या आठवड्यात अंगावरून जायला लागलं. सोनोग्राफीत बाळ नाही, नुसते पाण्याचे फुगे. मॅडम म्हणाल्या, द्राक्षगर्भ; बाळ नाही, बाळाला पोसणारी वार तेवढी माजून द्राक्षांसारखी फुगते. खोटं कशाला सांगू, मला आधी हसूच आलं. बापाची चार एकर बिनबियांची थॉमसन, आणि लेकीच्या पोटात पण द्राक्षंच!

पिशवी साफ केली. तेव्हा बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं संप्रेरक, दोन लाखांच्या वर होतं, छातीत नुसती धडधड. आता दर सोमवारी रक्त देते. मागच्या वेळी ९१, परवा ३८.

रिपोर्टात 'पी ५७ निगेटिव्ह' असं आहे. मॅडमनी सांगितलं, यात सगळी गुणसूत्रं बाळाच्या वडिलांकडची असतात. तोवर सासूबाई माझ्या पपई खाण्यावर घसरल्या होत्या. हे ऐकल्यापासून त्या गप्प, आणि मिस्टर त्यांच्याहून गप्प. ते टॉवेलच्या मागावर असतात, रात्रपाळीहून येतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. त्यांचा दोष आहे का यात? आणि माझ्याकडून काही गेलंच नाही, तर वार वाढली कशाच्या जोरावर?

सात_रस्ता
ताई, नेटवर विचारत बसू नका, पुण्याला दाखवा.

नान्नजची_लेक
दाखवायचं ते इथंच दाखवलंय दादा. मला समजून घ्यायचंय.

निवृत्त_जीवशास्त्र
दोष कुणाचाच नाही, हे मिस्टरांना आजच सांगा. असं स्त्रीबीज गुणसूत्रांविना रिकामं असतं. बहुतेक वेळा एकच शुक्रजंतू आत शिरतो आणि त्याची २३ गुणसूत्रं दुप्पट होतात. क्वचित दोन शुक्रजंतू शिरतात. आकडा ४६ भरतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

कारण काही जनुकांवर 'आईकडचं' किंवा 'वडिलांकडचं' असा रासायनिक शिक्का असतो. पी ५७ हे त्यातलंच. पेशींनी किती वेळा दुभंगायचं याला ते आवर घालतं, आणि चालतं फक्त आईकडून आलेलं. वडिलांकडची प्रत मुकी असते. आयजीएफ २ उलट: वडिलांकडचं चालू, आईकडचं बंद, आणि त्याचं काम वाढ करवण्याचं. तुमच्या बाबतीत दोन्ही प्रती वडिलांकडच्या. म्हणजे पुढं ढकलणारे दोघं, मागं धरणारं कुणी नाही. रिपोर्टातलं 'निगेटिव्ह' ते हेच, आवर घालणारं प्रथिन त्या पेशींत दिसलं नाही.

१९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानींनी आणि अमेरिकेत मॅकग्रा आणि सोल्टर यांनी उंदरांवर हे करून पाहिलं. फलित बीजात दोन्ही केंद्रकं नराची घातली तर वारेच्या पेशी माजल्या, गर्भ खुरटला. दोन्ही मादीची घातली तर गर्भ त्यामानानं बरा, वार खुरटी. वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

आता एचसीजी. वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळून एक सलग पापुद्रा बनतो, मधे भिंतीच नाहीत. त्यासाठी जीसीएम १ नावाचं जनुक सिन्सिटिन नावाच्या दुसऱ्या जनुकाला जागं करतं. हे सिन्सिटिन मुळात एका विषाणूचं, कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत घुसलेलं आणि इथंच नांदलेलं! एचसीजी तयार होतं ते याच पापुद्र्यात, आणि तेच उलट आणखी पेशींना मिसळायला लावतं. तुमच्याकडे पापुद्राच अफाट, म्हणून आकडा लाखांत. ते थायरॉइडला चालवणाऱ्या संप्रेरकासारखं दिसतं, इतकं वाढलं की थायरॉइडही उधळतं. धडधड बहुधा त्याचीच.

जुनी_सिस्टर
सरांनी शास्त्र सांगितलं, मी व्यवहाराचं सांगते. सोमवार चुकवू नका. आकडा शून्यावर आला तरी मॅडम सांगतील तितके महिने दिवस राहू देऊ नका. दिवस राहिले की एचसीजी परत चढतं, मग ते नव्या गर्भाचं की उरलेल्या पेशींचं हे कळायचं कसं? उतरता उतरता अडकलं किंवा चढलं तर मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात, बहुतेक बायका त्यानं खणखणीत बऱ्या होतात. पुन्हा असंच होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. पपईचा काही संबंध नाही, सासूबाईंना माझं नाव सांगा!

नान्नजची_लेक
सर, रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताणा पण माझाच, बाणा पण माझाच. कापड कसं विणणार मग?" आणि कित्येक दिवसांनी माझ्याकडे तोंड करून झोपले.

सकाळी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, थॉमसनमध्ये पण बी धरतं, पण आतल्या आत मरतं, मणी तेवढा राहतो. मणी फुगवायचं काम बियांचं, ते नाही म्हणून आपण घड जीएत, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्या पाण्यात, बुडवतो. लहानपणी डबा धरून मी पण बुडवलेत. हे तसंच का?

निवृत्त_जीवशास्त्र
बी नाही तरी फळ, इतपत तसंच. पण जीए तुम्ही बाहेरून देता आणि मणी ठरल्या मापाला थांबतो. इथं थांबवणारंच आलं नव्हतं. वडिलांना नमस्कार सांगा.

नान्नजची_लेक
सांगते. सोमवारचा आकडा इथंच टाकेन.