मदत हवी आहे : लहान हायब्रिड गाडीसाठी डिझेल की पर्यायी इंधन?

नमस्कार. लहान हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या) गाडीसाठी डिझेल, इथेनॉल आणि सीएनजी यांची तुलना करताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये ३२, तर शुद्ध इथेनॉलमध्ये अवघी २१. त्यामुळे टाकी लहान ठेवायची असेल तर डिझेलचे पारडे जड दिसते. पण हायब्रिडमध्ये इंजिन सारखे बंद-चालू होत असते. सिग्नलला गाडी थांबली, इंजिन शांत झाले आणि पुढचे काही अंतर नुसत्या बॅटरीवर कापले, की तेवढ्यात एक्झॉस्ट थंडावतो. आणि डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधल्या, धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळायला तर सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, इंधनाच्या दरात नव्हे. शिवाय डिझेल इंजिन मुळातच वजनदार, त्यात मोटर आणि बॅटरीची भर पडते.

सीएनजीमध्ये काजळी फारच कमी, मात्र २०० बार दाबाची टाकी बॅटरीशेजारी बसवायला लहान गाडीत जागा उरत नाही.

ज्यांनी डिझेल हायब्रिड प्रत्यक्ष चालवली किंवा दुरुस्त केली आहे, त्यांनी कृपया सांगावे : शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये फिल्टर किती लवकर तुंबतो, आणि बायोडिझेल मिसळल्यावर फिल्टर साफ होताना (म्हणजे काजळी जाळली जाताना) इंधन मिसळून इंजिन ऑइल जास्त पातळ झाल्याचे आपल्याला आढळले का? इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रिडचा अनुभव असल्यास तोही अवश्य लिहावा.