मदत हवी आहे: रेड ५ वर डेटाबेसचं लिहिणं मंदावतंय, रेड १० करावं का?

नमस्कार. पोस्टग्रेस सर्व्हरला १०,००० आरपीएमच्या आठ सॅस डिस्क आहेत. सगळ्यांची मिळून एकच रेड ५ (डेटा आणि एक डिस्क गेली तर तो परत मिळवायची पॅरिटी, सगळ्या डिस्कांवर वाटलेली), आणि डेटा, वॉल (बदल आधी नोंदवायचा लॉग), टेम्प (तात्पुरत्या फाइल्स) सगळं तिच्यावरच. वाचायच्या क्वेरी सुरळीत चालतात, पण नोंदींची गर्दी झाली की कमिट (बदल पक्के करणं) अडकून बसतात. डिस्कचे आकडे दाखवणाऱ्या आयओस्टॅटमध्ये लिहिण्याचा अवेट (थांबायचा वेळ) एकदम चढतो. सीपीयू तेव्हा जवळजवळ रिकामाच असतो.

माझा हिशोब असा. एका डिस्कचे १४० आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याची कामं) धरले तर आठांचे ११२०. रेड ५ वर छोटं पान लिहायचं म्हणजे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही पुन्हा लिहा. एका लिहिण्यामागे चार कामं, म्हणजे हाती उरतात २८०. रेड १० वर प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर जाते, म्हणजे दोनच कामं, म्हणून ५६०. पान ८ केबीचं असल्यामुळे अख्खी स्ट्राइप (सगळ्या डिस्कांवरची एक रांग) एका दमात लिहिली जाणं विरळाच.

रेड १० केलं तर जागा सात डिस्कांवरून चारांवर येईल, ते परवडेल. प्रश्न मांडणीचा आहे: दोन डिस्क रेड १ (एकमेकींची प्रत) करून वॉलला द्याव्यात आणि सहांची रेड १० करावी, की आठही एकत्र ठेवाव्यात? एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करणं) बंद करायचा सल्ला मिळालाय, पण तो मला मान्य नाही. वीज गेली तर डेटाबेसच खराब होऊ शकतो.

प्रतिसाद:
एफसिंकला हात लावू नका, अगदी बरोबर. पण अ‍ॅरे (डिस्कांचा हा गट) मोडण्याआधी डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी बघा. ती खराब झाली की बरेच कंट्रोलर आपणहून राइट-बॅक (कॅशमध्ये लिहिलं की झालं) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कपर्यंत लिहिणं) जातात. मग प्रत्येक कमिटला डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं, आणि या डिस्कचा एक फेराच ६ मिलिसेकंदांचा. वाचणं ठीक आणि कमिट अडकलेले, हे लक्षण त्याच्याशी जुळतं.

कॅश शाबूत असेल तर मी आठही डिस्क एकाच रेड १० मध्ये घालेन, कारण वॉलचं लिहिणं कॅशच झेलते आणि डेटाला सगळ्या डिस्क मिळतात. कॅशच नसेल तर वॉल वेगळा काढा. डिस्कची स्वतःची कॅश मात्र बंदच हवी, वीज गेल्यावर तिच्यातलं काही टिकत नाही.

बॅटरीची स्थिती आणि पीजी_टेस्ट_एफसिंकचे (एफसिंकचा वेग मोजणारं साधन) आकडे इथे टाका. आणि अ‍ॅरे बदलायची झालीच, तर आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा.